वापरलेलं पॅड टाकायचं कुठे? सार्वजनिक स्वच्छतागृहातल्या एका डब्याबद्दल

एसटी स्टँडवरच्या किंवा हायवेवरच्या हॉटेलमागच्या लेडीज टॉयलेटमध्ये कडी लावल्यावर एकदा वर बघा. व्हेंटिलेटरच्या काचांच्या फटीत, फ्लशच्या टाकीमागे, पाइप आणि भिंत यांच्या मधल्या जागेत पॅड खोचलेली दिसतात. काही कागदात गुंडाळलेली, काही तशीच. बायकांना शिस्त नाही, असं लगेच म्हटलं जातं. बायकाही म्हणतात. पण त्या खोलीत उभ्या असलेल्या बाईची अवस्था बघा. दारामागे हुक नाही म्हणून पर्स गळ्यात अडकवलेली, खाली ओलं, एका हातात वापरलेलं पॅड, आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय. डबा आहे, पण तो बाहेर, बेसिनखाली, बिनझाकणाचा. त्याच्या समोरच रांग, आणि दाराशी पैसे घ्यायला बसलेला माणूस. रक्त लागलेलं पॅड हातात धरून त्या सगळ्यांसमोरून जायचा संकोच कुणाला वाटणार नाही? मग दोनच वाटा उरतात. फटीत खोचायचं, नाहीतर भांड्यात टाकून वरून बादलीभर पाणी ओतायचं.

त्या पॅडचं पुढे काय होणार, ते कोणाच्या हाताला लागणार, कुठली नळी तुंबवणार, हे बहुतेक वेळा कडीच्या आत त्या अर्ध्या मिनिटात ठरतं. आणि ते ठरतं हात पोहोचेल एवढ्या अंतरावर झाकणाचा डबा आहे की नाही, यावर. पुढचं सगळं गणित समजून घ्यायचं असेल तर आधी पॅड म्हणजे काय ते बघावं लागेल.

पॅड कापसाचं असतं, असा आपला समज असतो. बाजारातल्या बहुतेक पॅडचा वरचा मऊ थर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनचा असतो, म्हणजे प्लास्टिकच. आत जो कापूस वाटतो तो बहुधा लाकडाचा लगदा असतो. तळाला गळती रोखणारा पॉलिइथिलीनचा पातळ पडदा, त्याखाली डिंकाच्या पट्ट्या, त्यांवर सिलिकॉन लावलेला गुळगुळीत कागद. आणि लगद्यात मिसळलेली बारीक पांढरी पूड, सोडियम पॉलिअॅक्रिलेट. पातळ पॅड तासन् तास टिकतं ते या पुडीमुळे.

ही पूड काय करते ते घरी बघता येतं. एक न वापरलेलं पातळ पॅड कात्रीने कापा, आतलं सगळं एका वाटीत झटका आणि वरून साधं पाणी घाला. बघता बघता त्या पुडीची पारदर्शक जेली होते आणि वाटी भरून येते. आता त्यावर चमचाभर मीठ टाकून ढवळा. जेली आक्रसते, पाणी सुटतं. हे पदार्थ गोडं पाणी प्रचंड शोषतात, खारं त्या मानाने खूपच कमी. रक्त खारट असतं, त्यामुळे अंगावर असेपर्यंत पॅड मर्यादेत फुगतं. तेच पॅड भांड्यातल्या साध्या पाण्यात पडलं की त्याला आणखी फुगायला वाव मिळतो. फ्लश केल्यावर पॅड वाहून गेलं असं जे वाटतं, ते फक्त आपल्या नजरेआड गेलेलं असतं.

भांड्याखाली वास अडवण्यासाठी पाणी साठवणारं एक वळण असतं. टॉयलेट पेपर पाण्यात विरघळल्यासारखा सुटा होतो, म्हणून तो तिथून निघून जातो. पॅडचं प्लास्टिक सुटत नाही. ते वळणावर अडकतं, किंवा तिथून सुटून पुढे चेंबरमध्ये जाऊन बसतं, आणि मग त्याला केस, धागे, गुटख्याच्या पुड्या येऊन चिकटतात. टॅम्पॉन, वाइप्स, लहान मुलांचे डायपर यांचंही तेच होतं. पाकिटावर ‘फ्लशेबल’ लिहिलेलं असलं तरी आपल्याकडच्या पाइपांचा उतार आणि पाण्याची टंचाई बघता त्यावर विसंबू नये. सेप्टिक टँक असेल तर पॅड कुजत नाही. ते वरच्या सायीत तरंगत राहतं, बाहेर जाणारी नळी अडवतं आणि टँक उपसायला आलेल्या गाडीच्या होजमध्ये अडकतं. रेल्वेच्या डब्यांखाली आता बायोटॉयलेट आहेत, त्यांत जिवाणू मैल्याचं पाणी आणि वायू करतात. जिवाणूंना पॅड पचत नाही. ते टाकीच्या तोंडाशी अडकतं आणि मग पुढच्या प्रवासात तो संडास वापरण्यासारखा राहत नाही.

तुंबलं की माणूस बोलावला जातो. तो बांबूची लवचीक पट्टी घालून ढोसतो. पट्टी थांबते तिथे हात घालतो. फुगलेलं पॅड पाण्याखाली निसरडं होतं, पट्टीला धड लागत नाही, म्हणून शेवटी बोटांनीच ओढावं लागतं. हाताने मैला उपसायला लावणं आणि सुरक्षेची साधनं न देता गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पण चेंबरचं झाकण उघडून कोपरापर्यंत हात घालणारा माणूस आजही कुठल्याही शहरात दिसतो. पॅड भांड्यात टाकताना हे दृश्य आपल्या डोळ्यांसमोर नसतं, कारण मधे पाणी आणि पाइप असतात.

घरातून आलेल्या एका सवयीबद्दल इथे बोलायला हवं. आपल्याकडे अनेक घरांत मुलीला सांगतात की पॅड टाकायच्या आधी धुवायचं. कुणी करणी करेल, साप वास घेईल आणि मग मूल होणार नाही, अशा भीती त्यामागे असतात. धुतलं की रक्त दिसत नाही, म्हणून लाजेचा प्रश्नही मिटतो. कापडाची घडी धुवायलाच हवी, कारण ती परत वापरायची असते. ती सवय तशीच पॅडला लागली. पण पॅड धुताना पाणी वाया जातं, चोळल्यावर आतली जेली सुटून न्हाणीत जाते, आणि पॅड पाणी पिऊन आणखी जड होतं. पुढे ते जाळायचं असो की वेगळं करायचं असो, दोन्ही कठीण होतं. सार्वजनिक संडासात तर धुण्याची जागाच नसते. पॅड धुवू नका, नीट गुंडाळा.

गुंडाळायचं कसं, हेही कुणी शिकवत नाही. जुनं पॅड काढल्यावर रक्ताची बाजू आत ठेवून एका टोकाकडून घट्ट वळकटी करायची. नवीन पॅड ज्या वेष्टनातून निघालं त्याच वेष्टनात ती वळकटी घालायची आणि चिकटपट्टीने बंद करायची. त्यावर रद्दीचा एक तुकडा. काळ्या कॅरीबॅगमध्ये गाठ मारून टाकण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून कचरा वेगळा करणारी बाई ती गाठ सोडून बघते. लपवण्यासाठी आपण जे करतो, त्याने तिचा हात नेमका रक्तापर्यंत पोहोचतो. त्यापेक्षा कागदावर पेनाने लाल ठिपका काढा. पुणे, बेंगळुरू अशा शहरांत लाल ठिपक्याची मोहीम चालली ती याच कारणाने: ठिपका दिसला की पुडकं उघडायचं नाही. प्रवासात डबाच मिळाला नाही तर चेनची एखादी अपारदर्शक पाउच पर्समध्ये असू द्या, पुढे डबा मिळेपर्यंत पॅड त्यात राहील. हे बाईवर टाकलेलं आणखी एक ओझं आहे हे मला कळतं. ते डबा मिळेपर्यंतच असावं.

आता डबा. तो लेडीज टॉयलेटच्या प्रत्येक खोलीत, कडीच्या आत हवा, बाहेर सामाईक नको. बसल्या जागी हात पोहोचेल इतका जवळ, पण भांड्याच्या पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत इतका बाजूला. झाकण पायाने उघडणारं हवं, कारण झाकणाला रक्ताचा हात लागला की पुढची बाई ते उघडणार नाही, पॅड झाकणावरच ठेवून जाईल. भारतीय पद्धतीच्या संडासात जागा कमी असते, तिथे भिंतीवर बसवलेला, आत ढकलल्यावर आपोआप मिटणारा अरुंद डबा चालतो. आत पिशवी लावलेली हवी, म्हणजे रिकामा करताना डबा उलटा करून झटकावा लागत नाही. शेजारी रद्दीचे कापलेले तुकडे अडकवलेला एक खिळा असला तरी पुष्कळ काम होतं. आणि दारामागे हुक. हुकाचा कचऱ्याशी काय संबंध, असं वाटेल. पर्स ठेवायला जागा मिळाली की दोन्ही हात मोकळे होतात, आणि पॅड गुंडाळायला दोन हात लागतात.

महाराष्ट्रात बायकांच्या मुतारीसाठीच केवढा लढा द्यावा लागला आहे. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या कार्यकर्त्या हेच सांगत आल्या आहेत की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हे चालणार नाही. त्या मागणीचाच पुढचा भाग म्हणजे कडीच्या आतला डबा. नकाशा काढताना भांडं, नळ, बेसिन दाखवतात, डबा दाखवत नाहीत. मग तो नंतर कुणीतरी आणतं आणि जिथे जागा उरली असेल तिथे ठेवतं.

डबा भरल्यावर पिशवी कुठे जाते? घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं की पॅड, डायपर गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावं. उत्पादकांनी प्रत्येक पॅडसोबत टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावं, असंही त्यात होतं. कागदावर हे सोपं दिसतं. पण सुका कचरा आपल्याकडे हातांनी वेगळा केला जातो. बाटली, पुठ्ठा, दुधाची पिशवी असं वेचणाऱ्या बाईच्या समोर त्याच ढिगात पॅडही येतं. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी २०१३ मध्ये वापरलेली पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवली होती. तुम्ही बनवता, तुम्ही विकता, मग हे आमच्याच हातात का, हा त्यांचा प्रश्न होता. या विषयावर आजवर झालेल्या चर्चासत्रांपेक्षा त्या एका कृतीने जास्त काम केलं, असं मला वाटतं. पॅड टाकण्यासाठी जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या करून विकण्याचा उद्योगही याच संस्थेने चालवला.

१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (बल्ब, औषधं यांसारखा). म्हणजे पॅड, टॅम्पॉन, डायपर यांना सुक्या कचऱ्यातून बाहेर काढून त्यांचा वेगळा डबा केला आहे. मुंबई महापालिकेने त्याआधीच, २०२५ मध्ये, असा कचरा वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली होती. सोसायट्या, वसतिगृहं, ब्युटी पार्लर यांनी नोंदणी करायची आणि पालिकेची गाडी येऊन नेणार, अशी ती सोय. पण वेगळा डबा ठेवून उपयोग तेव्हाच, जेव्हा घंटागाडीतही वेगळा कप्पा असेल. चार डब्यांतला कचरा एकाच गाडीत ओतताना लोकांनी एकदा पाहिलं की दुसऱ्या दिवसापासून कुणी वेगळं ठेवत नाही.

प्रमाण किती मोठं आहे याचा अंदाज घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, १५ ते २४ वयोगटात पाळीसाठी स्वच्छ साधनं वापरणाऱ्या मुलींचं प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७८ टक्क्यांच्या आसपास गेलं. ही फार चांगली गोष्ट आहे, मुलींची शाळा मधेच सुटण्याशी आणि आजारांशी त्याचा संबंध जोडला जातो. पण वर्षाला १३ पाळ्या, पाच दिवस आणि दिवसाला तीन पॅड धरली तरी एकीची वर्षाची दोनशेच्या जवळ पॅड होतात, आणि पाळीच्या एकूण वर्षांत सात हजार. पॅड घ्या म्हणून आपण जेवढा प्रचार केला, तेवढा ते टाकण्याच्या व्यवस्थेचा केला नाही.

मग मशीन आणलं जातं. शाळेत, कॉलेजात, स्टँडवर भिंतीवर बसवलेली ती पेटी: झाकण उघडा, पॅड टाका, बटण दाबा, राख होते. देणगी द्यायला, उद्घाटन करायला ही पेटी सोयीची असते, म्हणून ती पटकन येते. तिच्यात आत विजेची कॉइल असते. ओलं, जेली भरलेलं पॅड जळायला आधी त्यातलं पाणी उडावं लागतं. एकामागून एक पॅड पडली की कॉइलचा जोर पुरत नाही, पॅड धुमसत राहतं. रुग्णालयाचा कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांसाठी नियम असा आहे की पहिल्या कप्प्यात ८०० अंशांच्या आसपास आणि धूर जिथून जातो त्या दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशांच्या आसपास तापमान हवं, धूर तिथे दोन सेकंद थांबायला हवा, आणि चिमणी ३० मीटर उंच. भिंतीवरच्या पेटीची नळी बहुधा संडासाच्याच खिडकीबाहेर निघते. अर्धवट जळताना, विशेषतः धूर २०० ते ४५० अंशांमधून थंड होत जाताना, त्यात क्लोरीन असेल तर डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी रसायनं तयार होऊ शकतात. रक्तातल्या मिठात क्लोरीन असतंच. डायॉक्सिनमधल्या सर्वांत घातक प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तो धूर जातो कुठे? शेजारच्या वर्गात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: जिथे रोज कचरा उचलला जातो त्या गावात, शहरात असली पेटी घेऊ नये. तेवढ्या पैशांत प्रत्येक खोलीत डबा आणि वर्षभराच्या पिशव्या येतात. पाड्यावरच्या आश्रमशाळेत, जिथे गाडी पोहोचतच नाही, तिथला प्रश्न वेगळा आहे. तिथे उंच धुराड्याची, वर्गांपासून दूर बांधलेली, नीट तापलेल्या आगीत एकदम जाळण्याची भट्टी पॅड ओढ्यात जाण्यापेक्षा बरी. उघड्यावर कचऱ्यासोबत पेटवणं मात्र कुठेच नको.

जाळण्याला पर्यायही उभा राहतोय, आणि तो आपल्या पुण्यात. पॅडकेअर नावाची कंपनी कार्यालयं, कॉलेजं अशा ठिकाणी डबे ठेवते, भरलेले डबे घेऊन जाते, पॅड निर्जंतुक करून त्याचे तुकडे करते आणि प्लास्टिक व लगदा वेगळे काढते. लगदा कागद-पुठ्ठ्याच्या कामाला येतो, प्लास्टिक प्लास्टिकच्या. हे जमतं ते डब्यात फक्त पॅड असतील तरच. चहाचा कप, बिस्किटाचा पुडा, उरलेला वडापाव त्यात पडला की सगळा डबा वाया. म्हणून त्या डब्यावर चित्र हवं, नुसतं ‘कचरा’ असं नको.

‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं पॅड आणलं तर सुटलो का? जनऔषधी केंद्रात एक रुपयाला मिळणाऱ्या ‘सुविधा’ पॅडवर ऑक्सो-बायोडिग्रेडेबल असं लिहिलेलं असतं. एक रुपयात पॅड मिळणं ही लाखो मुलींसाठी मोठी गोष्ट आहे, ती चालू राहायलाच हवी. पण ऑक्सो प्रकारच्या प्लास्टिकचे हवेने, उन्हाने आधी बारीक तुकडे होतात, आणि ते तुकडे पुढे खरंच कुजतात का यावर मोठा वाद आहे. युरोपीय संघाने अशा प्लास्टिकच्या वस्तू २०२१ पासून बाजारातून बंद केल्या. केळीच्या किंवा बांबूच्या धाग्याची पॅड खतात जाऊ शकतात, पण योग्य खड्ड्यात, पुरेशा उष्णतेत. यातलं कुठलंही पॅड भांड्यात टाकायचं नाही, आणि सार्वजनिक संडासात सगळ्यांसाठी डबा एकच. मेन्स्ट्रुअल कपने, म्हणजे रक्त साठवणाऱ्या, परत परत वापरायच्या छोट्या कपाने, कचरा जवळजवळ संपतो आणि तो बारा तासांपर्यंत राहतो, त्यामुळे प्रवासात कामाला येतो. पण तो रिकामा करून धुवायला कडीच्या आतच पाण्याचा नळ लागतो.

डबा रिकामा करणाऱ्या ताईंबद्दल मात्र आपण फारच कमी बोलतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. बोटाला बारीकशी चीर असली तरी त्याला आत जायला वाट मिळते. त्यावर लस आहे: तीन डोस, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. संडास साफ करणाऱ्या प्रत्येक कामगाराला ती मिळायला हवी आणि तिचे पैसे त्यांच्या पगारातून कापले जाऊ नयेत. त्यांना पातळ फाटके हातमोजे देऊन चालत नाही, जाड रबरी हवेत. पिशवीत जागा करायला ती हाताने दाबू नये, पाऊण भरली की तोंड बांधून बाहेर काढावी. गर्दीच्या स्टँडवर कामाच्या प्रत्येक शिफ्टमध्ये एकदा, एरवी रोज. डबा धुताना ब्लीचिंगचं पाणी वापरलं तर त्यासोबत संडासाचं अॅसिड कधीही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि बंद संडासात तो थेट छातीत जातो. हे कुठल्या बाटलीवर ठळक अक्षरांत मराठीत लिहिलेलं असतं?

ग्रामपंचायत, कॉलेज, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, यांपैकी कुठल्याही ठिकाणी तुमचा शब्द चालत असेल तर सफाईचं कंत्राट एकदा मागून वाचा. त्यात फरशी किती वेळा पुसायची ते असतं, फिनाइल किती लिटर तेही असतं. सॅनिटरी डबे किती, पिशव्या कोण आणणार, दिवसातून किती वेळा उचलायच्या, उचलून कोणाच्या ताब्यात द्यायच्या आणि लसीचा खर्च कोणाचा, या ओळी बहुधा नसतात. कंत्राटाचं नूतनीकरण होण्याआधी त्या लिहून घ्या. डब्यांची संख्या लिहिताना लेडीज टॉयलेटची दारं मोजा, तेवढेच डबे. अपंगांसाठीच्या टॉयलेटचं दार विसरू नका. तिथे बहुतेक ठिकाणी डबाच नसतो, आणि डायपर वापरणारी मोठी माणसं तिथेच जातात, त्यात पुरुषही असतात.